ढोबळ मिरची, निव्वळ मिरची

कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे आयुष्यात मला दोनच गोष्टी पक्क्या समजल्या आहेत. एक म्हणजे ढोबळ नफा आणि निव्वळ नफा यांत फरक असतो. दुसरी, हा फरक ज्याला समजत नाही त्याच्या दुकानाला लवकरच कुलूप लागतं. बी.कॉम.च्या तीन वर्षांत याखेरीज काय शिकवलं होतं ते आता आठवत नाही, आणि बँकेलाही माझ्याकडून ते कधी लागलं नाही.

पण ढोबळ आणि निव्वळ यांतला हा फरक भाजीबाजारातही पाळायचा असतो, हे आपल्या लोकांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. नाहीतर त्या फुगलेल्या, गुळगुळीत, आतून पोकळ असलेल्या फळाला त्यांनी 'मिरची' म्हटलं नसतं. ढोबळी म्हणा, भोपळी म्हणा, हिंदीवाल्यांसारखं सिमला म्हणा, माझी हरकत नाही. पण मिरची? अहो, तो किताब आहे! तो जिभेवर सिद्ध करावा लागतो.

माझं ढोबळीशी वैयक्तिक वैर नाही, असं म्हणण्याची इथं पद्धत आहे. मी म्हणणार नाही. आहे. चांगलं पाच वर्षांचं आहे.

त्याचं असं झालं. चाळिशी ओलांडली आणि इतर सहकाऱ्यांप्रमाणे मलाही ॲसिडिटी लागू झाली. डॉक्टर म्हणाले, "तिखट बंद."

मी म्हटलं, "म्हणजे कमी?"

"म्हणजे बंद."

आमच्या हिनं हे 'बंद' अशा उत्साहानं अमलात आणलं की रिझर्व्ह बँकेनं आदर्श म्हणून दाखवावं. दुसऱ्या दिवसापासून डोंबिवलीच्या आमच्या दीड खोल्यांत ढोबळीचं राज्य सुरू झालं. पोह्यांत ढोबळी, उपम्यात ढोबळी, आमटीतसुद्धा तिचे तुकडे तरंगायला लागले. इथवर मी सहन केलं. पण एका रविवारी पानात भाकरीशेजारी हिरवं काहीतरी आलं आणि ही म्हणाली, "अहो, बघा तरी. खास तुमच्यासाठी ठेचा केलाय. ढोबळीचा."

वाचकहो, ठेचा म्हणजे काय असतं? खलबत्त्यात पहिला घाव पडला की शेजारच्या ब्लॉकमध्ये शिंक यायला हवी. लसूण, मीठ आणि तव्यावर भाजलेली मिरची यांचं ते भांडण असतं, आणि ते मिटायच्या आत आपण भाकरीनं उचलायचं असतं. हा ठेचा भांडत नव्हता. त्याला नुसतं पाणी सुटलं होतं. मी घास घेतला. गवतावर लसूण सांडावा तशी चव लागली. "कसा झालाय?" असं हिनं विचारलं, आणि मी "छान" म्हणालो. संसारात कुठं खरं बोलायचं हे मला त्या वेळेपर्यंत समजलेलं होतं.

त्यानंतर सहा महिन्यांत बँकेनं माझी बदली मोलगीला केली. शिक्षा म्हणून केली असं सहकारी म्हणतात. मी तो औषधोपचार समजतो.

मोलगी हे नकाशात शोधायचं असेल तर महाराष्ट्राच्या अगदी डोक्यावर बोट ठेवा. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, सातपुड्याच्या आत. पलीकडं नर्मदा. मी नंदुरबार स्टेशनवर उतरलो तो डिसेंबर महिना होता आणि उतरल्यावर पहिलं काम केलं ते शिंकण्याचं. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागलेल्या होत्या. पथारी म्हणजे ओली लाल मिरची विकत घेऊन व्यापारी ती मोकळ्या रानात वाळत घालतात ती जागा. एकरच्या एकर जमीन लाल. नाकातोंडाला फडकं बांधून बायका ओळीनं देठ खुडत बसलेल्या. त्यांच्या मधून जाताना माझे डोळे भरून आले, आणि ते केवळ मिरचीमुळं आले असं मी तरी शपथेवर सांगणार नाही. पाच वर्षं उपाशी माणूस होतो मी! या मिरचीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच वर्षी नंदुरबारच्या आमचुरालाही. आमचुराचं मोठं केंद्र म्हणजे आमचं मोलगी. उन्हाळ्यात इथं घरोघर कैऱ्या सोलून, चिरून उन्हात वाळत घालतात आणि त्या वेळी गावाचाच दात आंबतो. म्हणजे खाली तिखट, वर आंबट. भेळेचं अर्धं सामान एका जिल्ह्यात.

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून गाडी मोलगीला पोचली. पहिल्या दिवशी जेवण शिपायाच्या घरी होतं. मक्याची भाकरी, मीठ आणि तव्यावर भाजलेल्या दोन मिरच्या. मी भाजीची वाट बघत थांबलो. यजमानही थांबला. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की हेच जेवण आहे. मग मी जेवलो, आणि असं जेवलो की त्याच्या बायकोनं पुन्हा चूल पेटवली. ॲसिडिटी अजून येते, पण पूर्वीसारखी घरच्यासारखी वागत नाही. पाहुण्यासारखी येते, चहा घेऊन जाते.

आता मुख्य तंट्याकडं येतो.

गेल्या वर्षी मुख्य कार्यालयातून एक साहेब आमच्या शाखेत आले. वय तिशीचं, बोलणं गोड, हातात लॅपटॉप. शेतकऱ्यांचा मेळावा भरवायचा हुकूम आधीच आला होता, म्हणून आम्ही पन्नासएक माणसं जमवून ठेवली होती. साहेबांनी शेडनेटमधल्या ढोबळीची चित्रं दाखवली. हिरवी, पिवळी, लाल. म्हणाले, "तुम्ही मिरची लावताच. तीच जरा मोठी लावा. शहरात मागणी आहे. बँक कर्ज देईल." आणि नमुन्यादाखल आणलेली एक पिवळीधमक ढोबळी त्यांनी पुढं फिरवायला दिली.

ती फिरत फिरत एका आजीपाशी आली. आजीनं मडकं पारखतात तशी तिच्यावर टिचकी मारली. वास घेतला. मग एक तुकडा तोडून तोंडात टाकला, सावकाश चावला आणि तिच्या बोलीत काहीतरी विचारलं. आमच्या शिपायानं मराठी केलं, "साहेब, ती विचारते, ही कशासंगं खायची?"

साहेब म्हणाले, "पनीरसोबत. नूडल्समध्ये. पिझ्झावर."

शिपायाला हे तिकडच्या बोलीत सांगायला बराच वेळ लागला, कारण पनीरपासून सुरुवात करावी लागली. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा काही बोलली. शिपाई म्हणाला, "ती म्हणते, आमची मिरची भाकरीच्या संगतीला असते. हिलाच जर एवढी संगत लागते, तर ही मिरची कशी?"

बी.कॉम.च्या तीन वर्षांत मला एवढा स्वच्छ हिशेब कुणी शिकवला नव्हता. मिरची जेवण भागवते आणि ढोबळी जेवण मागते, एवढाच तो हिशेब. ढोबळीची भाजी करायची तर तेल हवं, कांदा हवा, डाळीचं पीठ हवं, गॅस हवा आणि घरी थांबायला माणूस हवा. दिवाळीनंतर मोलगी-धडगावकडची कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. त्यांच्या गाठोड्यात पीठ असतं, मीठ असतं आणि वाळलेल्या लाल मिरच्या असतात. त्या गाठोड्यात ढोबळी घालून बघा. तिसऱ्या दिवशी ती सुरकुतलेली आणि पाचव्या दिवशी पीठ ओलं.

साहेबांचं उत्तर तयार होतं, आणि ते खोटं नव्हतं म्हणून इथं देतो. ते म्हणाले, "खायला कोण सांगतंय? विकायला लावा." मान्य. पण मग हिशेब पुरता करा. ढोबळी म्हणजे करंट खातं. रोजच्या रोज उलाढाल पाहिजे. तोडली की दोन-चार दिवसांत बाजार गाठला पाहिजे, आणि पावसाळ्यात घाटात दरड आली की बाजार घाटाच्या पलीकडं आणि माल अलीकडं. वाळलेली मिरची ही मुदत ठेव. भाव नसेल तर छपराखाली पडून राहते, भाव आला की मोडायची. मुदत ठेवीलाही धोका असतो हे मी जाणतो. अवकाळी पाऊस आला की नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची भिजते आणि व्यापारी डोक्याला हात लावतो. तरीसुद्धा ज्याच्याकडं पाणी आहे, सडक आहे, स्वतःचा टेम्पो आहे, त्यानं खुशाल ढोबळी लावावी. त्याचा अर्ज मी स्वतः भरून देईन. फक्त त्या अर्जात पिकाच्या नावापुढं 'मिरची' असं मी लिहिणार नाही, एवढीच माझी अट.

संध्याकाळी साहेब माझ्या खोलीवर जेवायला आले. मोलगीत दुसरी सोय नव्हती. मी भाकरी टाकल्या आणि ठेचा वाटायला घेतला. साहेब शास्त्र शिकलेले होते. त्यांनी मला मुळातूनच धरलं.

"तुम्ही रागावू नका, पण दोन्ही एकच आहेत. कॅप्सिकम ॲन्युअम. जात एक, फूल एक, पान एक."

म्हटलं, "साहेब, माझा आणि माझ्या चुलतभावाचा आजाही एक. म्हणून त्याचं कर्ज मी फेडायचं का?"

त्यांनी पुढं सांगितलं ते मात्र मला उपयोगी पडलं. मिरचीत कॅप्सेसिन नावाचं द्रव्य असतं, त्याचं ते तिखट. ढोबळीत ते तयार करणारं जनुकच मोडकं आहे, म्हणून तिच्यात ते जवळजवळ नाही. 1912 साली स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानं तिखट मोजायची रीत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं झालं की कितीपट पाणी घातलं ते मोजायचं. आसामकडची भूत जोलोकिया त्या मापावर 10 लाखांच्या पुढं जाते. ढोबळीचा आकडा शून्य.

शून्य! मी टाळीच दिली. म्हणजे ती झिरो बॅलन्स खातं झाली. गंमत बघा, आमच्या शाखेत ज्यांची खरोखरच झिरो बॅलन्स खाती आहेत ते हजारोंच्या आकड्याची मिरची खातात, आणि शहरात ज्यांची खाती भरलेली आहेत त्यांच्या ताटात शून्याची मिरची!

साहेब म्हणाले, "पण तिखट ही चव नाहीच मुळी. ती वेदना आहे. 2021 सालचं वैद्यकाचं नोबेल डेव्हिड ज्युलियस यांना त्यावरच मिळालं. गरम चटका जिथं समजतो त्याच दारावर मिरची टकटक करते. मेंदूला वाटतं, तोंड भाजलं."

म्हटलं, "साहेब, आम्ही घास घेऊन 'नुसता जाळ आहे' म्हणतो, ते मग अक्षरशः खरं निघालं की! आणि चव नाही म्हणता? आयुर्वेदानं सहा रसांत तिखटाला कटु रस म्हणून मानाचं पान दिलंय, तेही मिरची या देशात यायच्या आधी. सुंठ, मिरी, पिंपळी यांवर भागवत होते बिचारे. मग पोर्तुगीज मिरची घेऊन आले आणि आपण तिला मिरीच्या नात्यातलं नाव देऊन टाकलं." नाव देण्यातला हा घोटाळा थेट कोलंबसापासूनचा आहे. 1492 साली तो निघाला मिरी शोधायला, हाती लागली मिरची, आणि तिलाच त्यानं मिरीचं नाव ठोकलं. पण निदान तेव्हा एक तिखट वस्तू देऊन दुसऱ्या तिखट वस्तूचं नाव घेतलं होतं. ढोबळीनं काय देऊन घेतलं?

बोलता बोलता साहेबांनी ठेच्याचा पहिला घास घेतला. त्यांची विद्या क्षणभर थांबली. कान लाल झाले. "पाणी," म्हणाले. मी वाटीभर दही पुढं केलं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दूध-दह्यातल्या स्निग्धांशात विरघळतं, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. मला ते आमच्या आजीनं आधी सांगितलं होतं, फक्त तिनं द्रव्याचं नाव घेतलं नव्हतं. आणखी एक घरगुती गोष्ट त्यांच्याकडून पक्की झाली. तिखट बियांत नसतं, बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात त्या शिरांत असतं. तेव्हा ज्या गृहिणी बिया काढून मिरची सौम्य झाली असं समजतात, त्यांनी शिराही काढाव्यात. पोपट मिरची कराकरा खातो त्याचं शौर्य नाही, पक्ष्यांना ते तिखट लागतच नाही. म्हणून पोपटाच्या दृष्टीनं ढोबळी आणि लवंगी सारख्याच. ढोबळीला मिरची म्हणणारांनी आपण कुणाच्या पंक्तीला बसतो आहोत याचा विचार करावा.

मी एकांगी आहे असं कुणी म्हणू नये, म्हणून ढोबळीच्या जमेच्या बाजूला जे आहे ते टाकतो. पीठ पेरून केलेली तिची भाजी ही मराठी माणसानं जगाला दिलेली चांगली गोष्ट आहे. डाळीचं पीठ कढईला खाली जरासं लागतं ते खरवडून खाण्यासाठी मी हिच्याशी भांडलेलो आहे. हिरवी ढोबळी म्हणजे कच्चं फळ, त्यामुळं तिला तो गवताळ, किंचित कडवट वास. त्या वासाचं द्रव्य इतकं बोलकं की एक ढोबळी चिरली तर पातेलंभर पुलावाला समजतं. तीच झाडावर पिकून लाल झाली की गोड होते, कच्चीच खावी. क जीवनसत्त्व भरपूर. त्यावरून आठवलं, हंगेरीत सेगेद इथं सेंट-ज्यॉर्जी म्हणून शास्त्रज्ञ होते. एका रात्री बायकोनं जेवणात ताजी लाल पाप्रिका दिली. यांना ती खायची नव्हती. मग सुटकेचा मार्ग म्हणून ती प्रयोगशाळेत नेली आणि तिच्यात क जीवनसत्त्वाचा साठा सापडला. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. 1937 साली त्यांना नोबेल मिळालं. मीही डोंबिवलीत असताना नको असलेली ढोबळी डब्यातून बँकेत नेत असे. मला मिळाला तो मेमो, आणि तोही खतावणीवर तेलाचा डाग पडल्याबद्दल.

तेव्हा भाजी म्हणून ढोबळीला माझा नमस्कार आहे. ती पदार्थात बसते, जागा व्यापते, रंग दाखवते. मिरची पदार्थात बसत नाही, ती पसरते. फोडणीत दोन मिरच्या मोडून टाका आणि नंतर काढून फेका, वरणाला त्या आल्या होत्या हे आठवत राहतं. ताकात मुरवून वाळवलेली सांडगी मिरची तळून दहीभातात कुस्करा. ढोबळीची सांडगी करून दाखवा मला! दारावर लिंबाखाली कुणी ढोबळी टांगलेली पाहिलीत? पोराची दृष्ट काढताना मीठ-मोहरीबरोबर ढोबळी ओवाळून निखाऱ्यावर टाकली तर दृष्ट जायची नाही, फार तर स्टार्टर तयार होईल. भाषेलाही हे कळलेलं आहे. नाकाला मिरच्या झोंबतात. ढोबळ्या झोंबल्याचं अजून माझ्या ऐकिवात नाही.

आमचा मुलगा म्हणतो, "बाबा, पिझ्झा कॅप्सिकमशिवाय होतच नाही." सुट्टीत घरी गेलो तेव्हा त्याचा पिझ्झा मी जवळून पाहिला. वर ढोबळीच्या चकत्या होत्या. आणि त्या चकत्यांवर तो पुडी फोडून काय भुरभुरत होता? लाल मिरचीचा चुरा! मी काही बोललो नाही. पुरावा पोटात जाण्याआधी फक्त नीट बघून घेतला.

असो. मेळाव्याचा अहवाल मला लिहावा लागला. 'शेतकऱ्यांच्या शंका' या रकान्यात मी आजीचा प्रश्न शब्दशः उतरवला : 'ही कशासंगं खायची?' पंधरा दिवसांनी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं : 'शंकेचा आशय स्पष्ट होत नाही. कृपया खुलासा करावा.'

खुलाशाचे मी तीन मसुदे केले. एक फार लांब झाला, दुसऱ्यात माझ्या संसारातले तपशील आले, तिसरा मॅनेजरसाहेबांनी फाडला. शेवटी बाजारातून दोन वाळलेल्या लाल मिरच्या आणल्या, कोऱ्या कागदात गुंडाळल्या आणि पाकिटावर नियमाप्रमाणं लिहिलं : 'सोबत : नग 2. चपातीसंगं चालतील.'

पोच अजून आलेली नाही. परवा मात्र त्या साहेबांचा फोन आला होता. आवाज जरा बसलेला वाटला, आणि बोलता बोलता त्यांनी विचारलं, मोलगीहून येताना किलोभर आणता येतील का म्हणून.